पोलिश माणसाचं इंग्रजी दुरुस्त करताना: आधी खालचं पोलिश वाक्य शोधा

‘आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स.’ पोलिश विद्यार्थ्याने हे वाक्य म्हटलं की मराठी कानाला ते फारसं खटकत नाही, कारण आपणही ‘मी इथे तीन वर्षांपासून राहतो’ असंच म्हणतो. पोलिशमध्ये म्हणतात, ‘म्येश्काम तू ओद त्शेख लात’. क्रियापद वर्तमानकाळी, आणि ‘ओद’ म्हणजे हुबेहूब आपलं ‘पासून’. म्हणजे विद्यार्थी नियम विसरलेला नसतो. त्याने पोलिश वाक्य मनात बरोबर रचलेलं असतं आणि त्यावर इंग्रजी शब्द ठेवलेले असतात.

ऑफिसात पोलिश सहकारी असेल, पोलंडमध्ये शिकताना रूममेट ईमेल तपासायला देत असेल किंवा तुम्ही ऑनलाइन शिकवत असाल, तर पुढची पद्धत वापरून बघा. पोलिश येण्याची गरज नाही. विचारायची सवय मात्र हवी.

पायरी १: टोकू नका, लिहून घ्या.
पहिल्या दोन-तीन भेटींत फक्त ऐका आणि चुकलेली वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवा. तीच चूक तीनदा दिसली तर ती घसरलेली जीभ नाही, सवय आहे. काम सवयीवर करायचं. एखाद्या वेळी गळलेला ‘एस’ सोडून द्या.

पायरी २: ‘हे पोलिशमध्ये कसं म्हणशील, एकेका शब्दाचा अर्थ सांग’ असं विचारा.
माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच. पोलंडमध्ये शाळा संपताना मातुरा परीक्षा असते, तिच्यात परकी भाषा सक्तीची असते आणि बहुतेक मुलं इंग्रजीच निवडतात. त्यामुळे ‘प्रेझेंट परफेक्ट’ हे नाव त्यांना पाठ असतं. तोच नियम पुन्हा ऐकवून काही हलत नाही. दोन वाक्यं शेजारी लिहिली, की चूक कुठून आली ते त्यांचं त्यांनाच दिसतं.

पायरी ३: ‘ओद’पासून सुरुवात करा.
दोन प्रश्न पुरतात. पहिला: गोष्ट अजून चालू आहे का? असेल तर ‘आय हॅव लिव्ह्ड’. दुसरा: ‘ओद’नंतर आलेली वेळ कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येते का? २०१५, सोमवार, वाढदिवस अशी असेल तर ‘सिन्स’. तीन वर्षं, दोन तास असा मोजण्याचा काळ असेल तर ‘फॉर’. विद्यार्थ्याला स्वतःच्या आयुष्यातली पाच वाक्यं करू द्या: घर, नोकरी, चष्मा, कुत्रा, मैत्री. पुस्तकातल्या गाळलेल्या जागा भरण्यापेक्षा ही लवकर अंगवळणी पडतात.

पायरी ४: ‘अ’ आणि ‘द’ शब्दक्रमातून दाखवा.
पोलिशमध्ये आर्टिकल नाहीत, मराठीतही नाहीत. म्हणून काही नेमकेपणच नाही असं मात्र नाही. ‘ना स्तोले लेझी क्शोंश्का’ म्हणजे टेबलावर पुस्तक आहे. ‘क्शोंश्का लेझी ना स्तोले’ म्हणजे पुस्तक टेबलावर आहे. मराठी वाचकाला फरक लगेच कळेल: पहिल्या वाक्यात पुस्तक आत्ताच समोर आलं, दुसऱ्यात कोणतं पुस्तक ते आधीपासून ठाऊक आहे. इंग्रजीत पहिलं ‘अ बुक’, दुसरं ‘द बुक’. म्हणून आर्टिकल गळलं की पोलिश वाक्य म्हणायला सांगा आणि नाम कुठे बसलंय ते बघा. शेवटी बसलं तर बहुतेकदा ‘अ’, सुरुवातीला बसलं तर बहुतेकदा ‘द’. याने सगळं सुटत नाही. ‘द सन’, ‘इन द मॉर्निंग’, ‘गो टू बेड’ हे अख्खे तुकडे पाठच करावे लागतात. पण जे ज्ञान आपल्या भाषेत मुळीच नाही असं वाटत होतं, ते तिथे होतंच हे कळल्यावर माणसाची भीती जाते. हा क्षण मला फार आवडतो.

पायरी ५: नकार मोजा.
इथे मात्र मराठी आणि पोलिश वेगळ्या होतात. ‘निक्त निग्दी नित्स न्ये पोव्येज्याव’ म्हणजे कोणी कधी काही बोललं नाही. आपल्या वाक्यात नकार एक, त्यांच्या वाक्यात चार, आणि पोलिशमध्ये ते चारही लागतातच. त्यातूनच ‘आय डोन्ट नो नथिंग’ येतं. याला तर्कदुष्ट म्हणू नका; त्यांच्या भाषेत तेच शुद्ध आहे. वाक्यातले नकार अधोरेखित करायला सांगा आणि एकच ठेवायला लावा: ‘आय डोन्ट नो एनीथिंग’.

पायरी ६: ‘इफ’नंतरचं ‘विल’ काढा.
‘येश्ली बेंदे म्याव चास’ यात ‘बेंदे’ भविष्यकाळ दाखवतं, म्हणून ‘इफ आय विल हॅव टाइम’. मराठीत आपण ‘वेळ मिळाला तर’ म्हणतो. काळ वेगळा असूनही अर्थ भविष्याचाच राहतो, हे उदाहरण पोलिश मित्राला जरूर सांगा. ‘व्हेन’लाही हाच उपाय.

पायरी ७: लहानपणाच्या गोष्टी सांगायला लावा.
‘ग्रावेम’ या एकाच रूपात ‘मी खेळत होतो’ही येतं आणि ‘मी खेळायचो’ही. म्हणून ‘आय वॉज प्लेइंग फुटबॉल एव्हरी डे’ असं निघतं. आपल्या ‘-यचो’साठी इंग्रजीत ‘यूज्ड टू’ आहे. तेच जोडून द्या.

काही चुका तर एका ओळीत आटपतात. ‘डिपेंड फ्रॉम’ येतं, कारण पोलिशमध्येही तिथे तोच ‘ओद’ आहे. आपलं ‘वर अवलंबून’ इंग्रजीच्या ‘ऑन’शी नेमकं जुळतं. ‘मनी आर’ येतं, कारण ‘प्येन्योंद्झे’ हे आपल्या ‘पैसे’सारखंच अनेकवचन आहे. ‘इन्फर्मेशन्स’चंही कारण तेच. ‘इज कोल्ड’मध्ये ‘इट’ गळतं, कारण ‘येस्त झिम्नो’ला कर्ता लागतच नाही. ‘आय हॅव थर्टी इयर्स’ येतं, कारण पोलिशमध्ये वय ‘असतं’ नाही, माणसाकडे वर्षं ‘असतात’.

लेखी मजकुरात आणखी दोन गोष्टी तपासा. पोलिशमध्ये ‘झे’, म्हणजे आपल्या ‘की’च्या आधी स्वल्पविराम देतात, म्हणून ‘आय थिंक’नंतरही तो पडतो, काढून टाका. वार, महिने आणि भाषांची नावं पोलिशमध्ये लहान अक्षराने सुरू होतात. इंग्रजीत ती मोठ्या अक्षराने लिहायला लावा.

पायरी ८: एका बैठकीत एकच प्रकार.
पोलिशमध्ये अनोळखी प्रौढाशी ‘पान’ किंवा ‘पानी’ लावून बोलतात, आपल्या ‘अहो’सारखं. हा मान दुरुस्तीतही राहू द्या: मीटिंगमध्ये चारचौघांसमोर चूक काढू नका. एकटे असताना वाक्य चुकीच्या शब्दापर्यंत तुम्ही म्हणा आणि थांबा, ‘इफ आय…’. पुढचं त्यांना पूर्ण करू द्या. पुढच्या भेटीत वहीतलं चुकलेलं इंग्रजी वाचून दाखवू नका. फक्त त्याचं पोलिश वाक्य विचारा आणि इंग्रजी त्यांच्याकडून येऊ द्या. सलग तीन भेटींत ते न आठवण करता बरोबर आलं, की वहीतल्या त्या ओळीवर काट मारा आणि पुढची घ्या.