मुंबईत जहाजं बघायची तर घारापुरीची लाँच पकडा

मोठी जहाजं बघायला बहुतेक जण गेटवेच्या कठड्याशी उभे राहतात. तिथून दिसतात त्या लाँची आणि यॉट. मालवाहू जहाजं लांबच राहतात. त्यापेक्षा घारापुरीची लाँच घ्या. तासाभराचा प्रवास आहे. वाटेत जवाहर द्वीप लागतं, तिथल्या धक्क्यांवर तेलाचे टँकर लागलेले असतात, तेव्हा वरच्या डेकवर बसा.

खरी जागा मात्र बेटावरची तोफांची टेकडी. लेण्यांपाशी गर्दी थबकते, वर फार कमी जण चढतात. समोर न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन आणि कंटेनरची जहाजं. दुपारनंतर जा, ऊन तुमच्या पाठीशी असतं आणि जहाजांवर पडतं. दुर्बीण हवीच. मोबाईलवर मरीनट्रॅफिक हे जहाजं दाखवणारं ॲप उघडलंत तर समोरच्या जहाजाचं नाव नि झेंडा कळतो; हा नाद एकदा लागला की सुटत नाही! परतीची शेवटची लाँच किती वाजता, ते उतरतानाच विचारा. सोमवारी लेणी बंद असतात.

पावसाळ्यात गेटवेच्या लाँची भरवशाच्या नाहीत. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) बरी. नौदलाच्या गोदीकडे मात्र कॅमेरा रोखू नका.