दहावीच्या वर्षात घरातलं टेन्शन कमी करायला आईबाबांनी नेमकं काय करायचं

माझ्या मुलीची दहावी होती तेव्हा भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री साडेअकराला मी पाणी प्यायला उठले तर तिच्या खोलीत लाइट चालू. आत गेले तर ती वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची रचना करत बसली होती, काढायची आणि खोडायची, परत काढायची परत खोडायची, कागद खोडरबरने पार पातळ झालेला आणि कर्कटक काही केल्या एका जागी टिकेना कारण हात थरथरत होता. वीसेक वेळा बरोबर काढलेली रचना होती हो ती. मी आपलं "अगं झालाय ना सगळा अभ्यास, घाबरतेस कशाला" म्हटलं आणि ती ढसाढसा रडायलाच लागली. मग मी गप्प शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला, थोड्या वेळाने मऊ भात तूप मेतकूट कालवून आणला. चार घास खाल्ल्यावर ती म्हणाली, आई मला भूमितीची भीती नाही वाटत, पेपर सुटल्यावर तू गेटवर उभी असतेस ना आणि कसा गेला विचारतेस, त्याची वाटते.

ते वाक्य माझ्या अजून कानात आहे, म्हणूनच हे लिहितेय.

तर सगळ्यात आधी ते गेटवरचं. घ्यायला जरूर जा पण "कसा गेला" विचारू नका. "भूक लागलीये का, आधी काहीतरी खाऊया" एवढंच. सांगायचं असेल तर ती मुलं गाडीवर मागे बसल्या बसल्या स्वतःहून सांगतात, नसेल सांगायचं तर घरी पोचेपर्यंत गप्प राहू द्या. प्रश्नपत्रिका घरी आली की ड्रॉवरमध्ये, शेवटचा पेपर होईपर्यंत बाहेर काढायची नाही, उत्तरं ताडून बघायची नाहीत. झालेल्या पेपरातला एक मार्क त्याने वाढत नाही, उलट चुकलेलं एक गणित पुढच्या पेपरपर्यंत डोक्यात घोळत राहतं.

दुसरं झोपेचं, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. आपल्याकडे पहाटे ४ ला उठून केलेला अभ्यास लक्षात राहतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण या वयात शरीराचं घड्याळच एकदोन तास पुढे सरकलेलं असतं, त्यांना रात्री साडेनऊला झोप येतच नाही, ही काही नाटकं नसतात. मग बारापर्यंत जागं मूल आपण ४ ला उठवतो म्हणजे चार तास झोप, आणि या वयाला लागते ८ ते १० तास. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच, त्यामुळे झोप कापून केलेला अभ्यास बराचसा वायाच जातो. आम्ही त्या रात्रीनंतर ठरवलं की साडेदहाला पुस्तकं बंद आणि सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सगळ्यांचे म्हणजे माझा आणि बाबांचा पण. आपण बेडवर रील्स बघत पडायचं आणि मुलीला फोन ठेव म्हणायचं हे नाही चालत, त्यांना लगेच दिसतं.

महाराष्ट्र बोर्डाचा सकाळचा पेपर ११ ला सुरू होतो. म्हणून जानेवारीपासून रविवारी ११ लाच घरी जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला बसवा, गणित आणि विज्ञानाचा भाग असेल तर ४० मार्कांना दोन तास, भाषेला तीन. २०२३ पासून शेवटी १० मिनिटं जास्तीची मिळतात ती पण धरा. चेक करताना आधी बरोबर काय आलंय ते दाखवा. हा सराव झाला की परीक्षेचा दिवस फार वेगळा वाटत नाही.

घाबरू नकोस म्हणून कुणाची भीती जात नाही. त्यापेक्षा विचारा, नेमकं काय होईल असं वाटतंय? आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या, मध्ये उपाय सांगू नका (मला हे सगळ्यात अवघड गेलं). बऱ्याचदा कळतं की भीती "मार्क कमी पडले तर सगळं संपलं" याचीच असते, तेव्हा खरी माहिती लागते आणि ती आईबाबांना आधीच पाठ हवी. टक्केवारी सहापैकी सर्वात चांगल्या पाच विषयांवर निघते. पास व्हायला ३५ लागतात. एकदोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा असते, पास होऊन मार्क कमी वाटले तर श्रेणीसुधार म्हणजे परत परीक्षा देऊन मार्क वाढवायची सोय आहे, पेपर तपासणीवर शंका असेल तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागता येते. हे सगळं डिसेंबरमध्येच एकदा शांतपणे सांगून ठेवा, पेपरच्या आदल्या रात्री नको.

वर्गात हात कापायला लागले तर काय करायचं तेही घरी शिकवून ठेवा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, असं पाचसहा वेळा. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की छातीतली धडधड हळूहळू कमी होते. रोज झोपताना आपणही बरोबर केलं तर मुलांना सवय लागते.

नातेवाईकांचे फोन आपण घ्यायचे, मुलांच्या हातात द्यायचे नाहीत. आमच्या एका क्लासने टेस्टचे मार्क नावासकट पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली होती, मी सरांना फोन करून माझ्या मुलीचे मार्क फक्त मला पाठवा असं सांगितलं. सांगता येतं, संकोच करू नका.

आता महत्त्वाचं. चिडचिड, पोटात दुखणं, जेवण कमी होणं हे परीक्षेच्या दिवसात थोडंफार होतंच. पण दोन आठवडे झाले तरी झोप नाही, मित्रमैत्रिणींशी बोलणं बंद, आवडीच्या वस्तू देऊन टाकतेय, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही तोंडातून आलं तर ते टेन्शनमध्ये बोलली म्हणून सोडून देऊ नका. थेट विचारा, मरावंसं वाटतं का. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं होता येतं. त्या वेळी एकटं सोडू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आत्ताच सेव्ह करा, मोफत आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

निकालाचं पण आधीच ठरवा, आधी कुणी बघायचा. आमच्याकडे ठरलं होतं की तिने एकटीने बघायचा आणि सांगावंसं वाटेल तेव्हा सांगायचं. दुपारी १ ला ती खोलीत गेली, मी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले, फोन बाजूला उलटा ठेवला होता. पाचसात मिनिटांनी ती बाहेर आली, माझ्या शेजारी खाली बसली आणि स्वतःहून बोलायला लागली.