लँगस्ट्रॉथ मधपेटी घरी बनवताना: आधी मोकळी जागा, मग लाकूड

मधपेटी म्हणजे चार फळ्यांचा खोका. ज्याला स्टूल बनवता येते त्याला ती बनवता येते. तरीही घरी बनवलेल्या पेट्या वर्षभरात डोकेदुखी होतात, कारण सुतारकामात लाकडाचे माप सांभाळायची सवय असते आणि इथे सांभाळायची असते लाकडांमधली रिकामी जागा. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाने 1852 मध्ये जे पेटंट घेतले त्याचे मर्म हेच. फ्रेम (पोळे धरणारी लाकडी चौकट) आणि पेटी यांच्यात साधारण 6 ते 9 मिमी जागा असेल तर माशा ती येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात. त्याहून कमी असली की प्रोपोलिसने (झाडांच्या राळेपासून माशा बनवतात त्या चिकट पदार्थाने) बुजवतात, जास्त असली की तिथे पोळे बांधतात. पेटीची सगळी मापे या एका गोष्टीतून निघतात.

खालची मापे मेलिफेरा या युरोपियन माशीच्या दहा फ्रेमच्या पेटीची आहेत. सातेरी या देशी माशीसाठी ही पेटी बनवू नका. सातेरीची वसाहत लहान असते, तिच्या पोळ्यांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 30 मिमीच्या आसपास असते आणि मेलिफेराचे 35 मिमी. मोठ्या पेटीत सातेरी नाखूश राहते आणि एक दिवस पेटी सोडून जाते. तिच्यासाठी तुमच्या भागात चालणारी छोटी पेटी मोजून घ्या. करायची रीत तीच, आकडे वेगळे.

लाकूड

शिवण मिळाले तर उत्तम: हलके, कापायला सोपे, पावसाळ्यात फारसे न हलणारे. सागवान टिकते, पण महाग आणि जड. पॅकिंगचे पाइन स्वस्त पडते. मात्र पॅलेटच्या लाकडावरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेले, ते चालते. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते घेऊ नका. आंब्याच्या फळ्या स्वस्त असल्या तरी भुंगा लागतो आणि वाकतात. वखारीत वाळवीचे औषध मारलेले लाकूड आणि जुन्या फर्निचरचे पॉलिश लागलेले तुकडे दोन्ही बाद. कीटकनाशकाला वाळवी आणि मधमाशी यांतला फरक कळत नाही. एमडीएफचा विचारही नको. प्लायवूड फक्त झाकणाला, तेही बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारे, आणि कडा रंगाने पक्क्या बंद करून.

एक इंची फळी दोन्ही बाजूंनी रंधली की 19 मिमी उरते. पुढचा हिशेब या जाडीचा आहे. तुमची फळी 22 मिमी भरली तर आतली मापे तशीच ठेवा आणि बाहेरची वाढू द्या. एका कोठीला, म्हणजे फ्रेम ठेवायच्या खोक्याला, सुमारे 1.8 मीटर लांब, 250 मिमी रुंद फळी लागते, म्हणजे वाया जाणारे धरून अर्धा घनफूट. इतकी रुंद फळी सहसा मिळत नाही, म्हणून दोन फळ्या कडेला कड लावून फेविकॉल मरीनसारख्या पाणी सोसणाऱ्या डिंकाने जोडतात. साधा पांढरा डिंक पहिल्या पावसात सुटतो.

कोठीची मापे

आतून लांबी 467 मिमी, रुंदी 375 मिमी. हे दोन आकडे कधीच बदलायचे नाहीत. बाहेरून 505 × 413 होते.

आखूड फळ्या 2: लांबी 413 मिमी
लांब फळ्या 2: लांबी 486 मिमी
चारही फळ्यांची रुंदी, म्हणजे कोठीची उंची: 240 मिमी

कोपऱ्यांना बोटांचा जोड दिसायला देखणा, पण घरच्या कामाला खाचेचा जोड बरा. आखूड फळीच्या आतल्या बाजूला दोन्ही टोकांना 19 मिमी रुंद आणि 9.5 मिमी खोल खाच काढा. लांब फळीचे टोक त्या खाचेत बसते. आखूड फळीच्याच वरच्या कडेला आतून 16 मिमी उंच आणि 9.5 मिमी खोल खाच लागते, फ्रेमचे कान, म्हणजे वरच्या पट्टीची पुढे आलेली टोके, टेकायला. दोन्ही खाचांची खोली एकच असल्यामुळे करवतीची किंवा राउटरची उंची एकदाच लावायची. बोटांच्या जोडात ही वरची खाच आरपार काढली की कोपऱ्यात चौकोनी भोक पडते आणि ते वेगळे बुजवावे लागते. खाचेच्या जोडात तो प्रश्न येत नाही.

आता उंचीबद्दल. बऱ्याच आराखड्यांत 244 मिमी लिहिलेले असते. फ्रेमची उंची 232 मिमी, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन कोठ्यांच्या फ्रेममध्ये 12 मिमी अंतर पडते. माशा ते पोळ्याने भरतात आणि वरची कोठी उचलली की खालच्या दोन-तीन फ्रेम लोंबकळत वर येतात. उंची 240 ठेवली तर अंतर 8 मिमी राहते: फ्रेमच्या वर 6, खाली 2. इतके पुरे.

त्यात आणखी एक गोम आहे. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडवे हलते, आणि कोठीची उंची म्हणजे फळीची आडवी बाजू. कोकणात किंवा महाबळेश्वरच्या पावसात पाइनची 240 मिमी फळी 2 ते 4 मिमी सहज फुगते. फ्रेमच्या बाजूच्या पट्ट्या मात्र उभ्या रेषांच्या, त्यांची लांबी तशीच राहते. जुलैत दमट लाकडाची नेमकी 240 मिमी कोठी कापली तर एप्रिलमध्ये ती 237 भरेल, फ्रेम खालून मिलिमीटरभर बाहेर येतील आणि कोठी टेकवताना माशा चिरडतील. म्हणून उन्हाळ्यात कापत असाल तर 240, पावसाळ्यात कापावेच लागले तर 242. सागवान आणि शिवणाला हा फरक कमी लागतो.

फळीच्या टोकावरची वर्तुळे पाहून गाभ्याकडची बाजू बाहेर ठेवा. फळी वाकायला लागली तर कडा आत दाबल्या जातात आणि जोड घट्ट राहतो. उलटी लावली तर तीच फळी कोपऱ्यातले स्क्रू उपटायला लागते.

जोडण्याआधी कोरडे बसवून पाहा. मग डिंक, शिकंजे आणि दोन्ही कर्ण मोजणे. कर्ण 652 मिमी यायला हवा. दोन कर्णांत 2 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णावर शिकंजा आवळा. कोपऱ्याला चार-पाच स्क्रू, 40 मिमीचे, गंज न धरणारे, काही समोरून आणि काही बाजूने. आधी बारीक ड्रिल मारा, नाहीतर 9.5 मिमीची जीभ हमखास फुटते. डिंक ओला असतानाच कोठी स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा सपाट कडप्प्यावर ठेवा आणि डुगडुगते का बघा. वाळल्यावर सरळ करणे म्हणजे रंध्याचे दुप्पट काम.

हातासाठी खोबण कोरू नका. 19 × 38 मिमीची पट्टी आखूड बाजूंना बाहेरून स्क्रूने बसवा, वरची कड उतरती करून, म्हणजे पाणी साचत नाही. भरलेली खोल कोठी 35 ते 40 किलोची होते. तेव्हा चार बोटांच्या खोबणीपेक्षा पूर्ण पंजा अडकेल अशी पट्टी हवी. हे वजन नको असेल तर मधासाठी वर ठेवायची कमी उंचीची कोठी, म्हणजे सुपर, करा: फ्रेम 159 मिमी, कोठी 167 मिमी. हिशेब तोच, फ्रेम अधिक 8.

फ्रेम

खरे चिवट काम इथे आहे. एका कोठीला दहा फ्रेम, म्हणजे वीस बाजूपट्ट्या, आणि एकसारख्या नसतील तर सगळेच फसते. म्हणून पट्टी एकेक करून कापायची नाही. 35 मिमी जाड, 100 मिमी रुंद आणि 232 मिमी लांब ठोकळा घ्या, रेषा लांबीच्या दिशेने. त्याच्या एका टोकाला जाडीच्या मधोमध 22 मिमी रुंद, 10 मिमी खोल खाच काढा, ही वरच्या पट्टीची. दुसऱ्या टोकाला 19 मिमी रुंद, 10 मिमी खोल, ही खालच्या पट्टीची. मग ठोकळ्याच्या दोन्ही रुंद तोंडांवरून वरचे 90 मिमी सोडून खाली 3-3 मिमी उतरवा, म्हणजे खालचा भाग 29 मिमी राहील. शेवटी ठोकळ्याचे 10 मिमीचे काप करा. करवतीचा कट 3 मिमी धरला तर एका ठोकळ्यातून सात पट्ट्या निघतात. तीन ठोकळ्यांत एका कोठीचे काम होऊन एक उरते.

वरची 35 मिमी रुंदी फ्रेममधले अंतर आपोआप राखते आणि खालच्या अरुंद भागातून माशांना वाट मिळते. घाईत तो 3 मिमीचा उतार सोडून सरळ पट्ट्या केल्या तर फ्रेम एकमेकींना खालपर्यंत चिकटतात.

वरची पट्टी: 483 मिमी लांब, 27 रुंद, 19 जाड. दोन्ही टोकांचे 27.5 मिमी खालून कापून जाडी 10 मिमी करा आणि रुंदी 22 वर आणा. यातले 10 मिमी बाजूपट्टीच्या खाचेत बसते आणि उरलेला 17.5 मिमीचा कान पेटीवर टेकतो. खालच्या बाजूला मधोमध मेणपत्र्यासाठी (माशांना पोळे बांधायला द्यायचा मेणाचा पातळ पत्रा) 3 मिमी रुंद, 6 मिमी खोल चर काढा. करवतीचा एक कट पुरतो. खालची पट्टी 448 × 19 × 10 मिमी.

गोल करवतीवर 10 मिमीचे काप करताना हात पात्याजवळ नेऊ नका. ढकलायला काठी हवीच. पाते आणि कुंपण (लाकूड टेकवून सरकवायची पट्टी) यांच्या मध्ये अडकलेला तुकडा गोळीसारखा मागे येतो, तेव्हा पात्याच्या रेषेत उभे राहू नका.

फ्रेम जोडायला साच्यासारखा एक चौकोन ठोकून ठेवा, म्हणजे सगळ्या काटकोनात येतात. डिंक आणि 32 मिमीचे बारीक खिळे. वरून मारलेले खिळे पुरेसे नाहीत. बाजूपट्टीतून आडवा एक खिळा वरच्या पट्टीच्या अंगात जायलाच हवा. मधाने भरलेली खोल फ्रेम तीन किलोच्या आसपास असते आणि चिकटलेली फ्रेम उकलताना सगळा ताण कानावर येतो. आडवा खिळा नसेल तर वरची पट्टी हातात येते आणि पोळे पेटीत राहते. मेणपत्रा धरून ठेवणाऱ्या तारेसाठी बाजूपट्टीला चार भोके पाडा. मऊ लाकडात तार रुतून सैल पडते, म्हणून भोकांत पितळी आयलेट, म्हणजे बारीक नळ्या, बसवा. तार छेडल्यावर टणत्कार आला पाहिजे.

तळपाट आणि झाकणे

तळपाट 413 × 560 मिमी. तीन बाजूंना 19 मिमीची काठी, समोर उघडे, पुढे आलेला भाग माशांना उतरायला. दाराला सैल बसणारी पट्टी करा, तिच्यात 8 मिमी उंच आणि 80 ते 100 मिमी रुंद फट. पावसाळ्यानंतर गांधीलमाशा घिरट्या घालतात तेव्हा वसाहतीला हे लहान दार राखणे सोपे जाते. तळाला लाकडाऐवजी सुमारे 3 मिमी छिद्रांची जाळी लावली तर गळून पडलेले व्हरोआ, म्हणजे माशांच्या अंगावर जगणारे बारीक माइट, खाली जातात आणि माशा आतच राहतात.

आतले झाकण 6 मिमी प्लायचे, 505 × 413, एका बाजूला 9 मिमीची काठी आणि मध्ये भोक. सपाट बाजू खाली ठेवा. फ्रेमवर 6 मिमी जागा आधीच आहे. काठीची बाजू खाली आली तर 15 मिमी होते आणि झाकणाखाली पोळी लागतात. बाहेरचे टोपण आतून 517 × 425 ठेवा, 50 मिमी कड, वर जीआय पत्रा, पांढरा रंग. टोपण अगदी नेटके बसवण्याचा मोह टाळा, पावसाळ्यात फुगून ते निघत नाही.

राणीला मधाच्या कोठीत जाऊ न देणारी राणीरोधक जाळी घरी करू नका. मेलिफेरासाठी सळ्यांमधली फट 4.2 मिमीच्या जवळ लागते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने राणी वर जाते किंवा कामकरी अडकतात. पोळ्यातून मध काढायचे मधयंत्रही स्टेनलेस स्टीलचे विकतच घ्या.

रंग फक्त बाहेरून, दोन हात, किंवा उकळलेले जवसाचे तेल. आतून काहीही लावायचे नाही. वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि गवत स्टँडला टेकू देऊ नका, मुंग्यांना एवढाच पूल पुरतो.

पहिल्या तपासणीत मापाची चूक माशाच दाखवतात. फ्रेमच्या टोकाशी आणि भिंतीला जोडून मेण दिसले तर आतली लांबी जास्त झाली आहे. कान खाचेत चिकटून बसले तर वरची पट्टी लांब आहे, दीड-दीड मिमी कापा. दोन कोठ्यांच्या मध्ये पोळे लागले तर उंची जास्त आहे. तेव्हा रंधा खालच्या कडेवर चालवा. वरच्या कडेवर चालवला तर फ्रेमवरची 6 मिमी जागा जाते आणि आतले झाकण सगळ्या फ्रेमना चिकटते. उंची कमी पडली असेल तर खालच्याच कडेला 2-3 मिमीची पट्टी डिंकाने चिकटवा.