लॅटिन नाम पाठ करायचंय? किल्लीपासून सुरुवात करा

दहावीला मार्कांसाठी का होईना, संस्कृत घेतलं असेल तर लॅटिनची निम्मी भीती गेलीच म्हणून समजा. ‘मतिः’ चालवता येत होतं ना? मग ‘क्लाविस’ घ्या. अर्थ किल्ली, लिंग स्त्री.

लॅटिन कोशात नामाची प्रथमा, लगेच षष्ठी आणि मग लिंग दिलेलं असतं. तिन्ही एका दमात पाठ करा. नाम कुठल्या रूपावळीतलं, म्हणजे कुठल्या गटाप्रमाणे चालतं, हे षष्ठी सांगते. षष्ठीच्या शेवटी ‘इस’ आलं की तिसरी. इथे प्रथमा आणि षष्ठी दोन्ही क्लाविसच, त्यामुळे घोटाळायचं नाही.

वहीत दोनच रकाने आखा, द्विवचनाची कटकट नाही. क्रम आपलाच ठेवा: प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, पंचमी, षष्ठी. एकवचनात क्लाविस, क्लावेम, क्लावी, क्लावे, क्लाविस. अनेकवचनात क्लावेस, क्लावेस, क्लाविबुस, क्लाविबुस, क्लाविउम. ‘किल्लीने’ म्हणायलाही पंचमीच. ‘क्लाविबुस’ला ‘मतिभ्यः’शेजारी लिहा, नातं दिसेल. ‘क्लाविउम’मधला ‘इ’ मात्र घोकावा लागतो, कारण त्याच रूपावळीत राजाचं ‘रेगुम’ होतं, तिथे ‘इ’ नाही.

आता वंशावळ. ती प्रथमेपासून नाही, द्वितीयेपासून काढायची. ‘क्लावेम’मधला शेवटचा ‘म’ बोलण्यात गळायचा. पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या भिंतींवर खरडलेल्या मजकुरातही तो गळलेला दिसतो. उरलं ‘क्लावे’. पुढे सगळी करामत ‘क्ल’ची: इटालियनमध्ये क्यावे, स्पॅनिशमध्ये यावे, फ्रेंचमध्ये क्ले, पोर्तुगीजमध्ये शाव्ह.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं तेव्हा या ‘शाव्ह’चा उच्चार ‘च’ने व्हायचा. लिस्बनमध्ये त्याचा ‘श’ झाला तो नंतर. म्हणून आपल्याकडे आली ती ‘चावी’, शावी नव्हे. जुना उच्चार लिस्बनने सोडला आणि आपण खिशात घालून फिरतोय!

नियम पक्का करायला ‘फ्लाम्मा’, म्हणजे ज्वाळा, घ्या. इटालियन फियाम्मा, स्पॅनिश यामा, पोर्तुगीज शामा. ‘फ्ल’चीही तीच गत. स्पॅनिशमध्ये ‘क्लावे’ असाही शब्द भेटेल, अर्थ सांकेतिक लिपी किंवा मर्म. त्यातला ‘क्ल’ शाबूत आहे, कारण तो बोलण्यातून न येता पुस्तकी लॅटिनमधून उचललेला. पोपच्या निवडणुकीचं ‘कॉन्क्लेव्ह’ही याच घरचं: कुलूपबंद खोली.

‘क्लावुस’ मात्र वेगळा. तो पुल्लिंगी, दुसऱ्या रूपावळीतला, आणि अर्थ खिळा. दोन्ही एकाच पानावर लिहू नका.