जॅक केल्सी यांच्याकडून गोलरक्षण कसे शिकावे

पुण्यात शिवाजीनगरच्या मैदानावर सरावाला येणाऱ्या तरुण गोलरक्षकाने वेल्सचे फुटबॉल गोलरक्षक जॅक केल्सी यांची कारकीर्द अवश्य अभ्यासावी आणि सुरुवात त्यांच्या अपयशापासून करावी. 1951 मध्ये इंग्लंडच्या आर्सेनल क्लबकडून पहिलाच सामना खेळताना त्यांनी चार्ल्टन क्लबविरुद्ध 5 गोल स्वीकारले. तरीही 1952-53 मध्ये आर्सेनलने इंग्लंडची लीग स्पर्धा जिंकली, तेव्हा बहुतेक सामन्यांत गोलमध्ये तेच उभे होते.

मग हातांकडे वळावे, कारण खरे शिक्षण तिथेच आहे. आजच्यासारखे पकड देणारे हातमोजे त्या काळी नव्हते, म्हणून केल्सी तळहातांना च्युइंगम चोळत असत. आपण तसे करण्याची गरज नाही. परंतु आठवड्यातून एकदा हातमोजे काढून, बाजूने येणारे उंच चेंडू अंगठे जवळ आणि बोटे पसरून, डोक्याच्या किंचित पुढे झेलावेत. पावसाळ्यातल्या चिखलात मात्र हा सराव टाळावा.

1958 च्या विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत वेल्सकडून खेळणाऱ्या केल्सी यांच्यावर ब्राझीलला एकच गोल करता आला. तो पेले यांचा, आणि तोही बचावपटूला लागून वळलेला.

चेंडूसाठी पुढे झेपावताना एक गुडघा वर घेऊन शरीराचे रक्षण करावे: 1962 मध्ये ब्राझीलविरुद्धच्याच सामन्यात ब्राझीलचे आघाडीचे खेळाडू वावा यांच्याशी झालेल्या टकरीत पाठीला दुखापत होऊन केल्सी यांची कारकीर्द संपली.