रिसायकलिंगचा टक्का वाढला, पण कचरा कमी झाला का? मोजताना या चुका टाळा

कंपनीच्या अहवालात रिसायकलिंगचा टक्का चढलेला दिसला की सगळे खूश होतात. पण हा टक्का भारी फसवा असतो. समजा, गेल्या वर्षी 1000 किलो कचरा निघाला आणि 400 किलो रिसायकलिंगला गेला, म्हणजे 40 टक्के. यंदा 1500 किलो निघाला, 750 किलो गेला, म्हणजे 50 टक्के. कागदावर प्रगती झाली. डंपिंगला जाणारा कचरा मात्र 600 वरून 750 किलोवर गेला! म्हणून टक्क्याशेजारी एकूण कचरा आणि रिसायकल न झालेला कचरा, हे दोन आकडे हवेतच. जीआरआय (ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह) या संस्थेच्या जीआरआय 306 (2020) या कचऱ्याविषयीच्या अहवाल-मानकातही विल्हेवाटीपासून वाचवलेला आणि विल्हेवाटीला गेलेला कचरा वेगवेगळा दाखवावा लागतो. धंदाच वाढला असेल तर दर नगामागे किंवा दर कर्मचाऱ्यामागे किती कचरा निघाला ते काढा. मंदीच्या वर्षात आपोआप घटलेल्या कचऱ्याचं श्रेय घेण्याचा मोहही त्यामुळे टळतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गेटबाहेर गेलेलं वजन 'रिसायकल झालं' म्हणून लिहून टाकणं. गाडीत 500 किलो चढले आणि वर्गीकरण केंद्रावर 80 किलो बाद झाले, तर तुमचा आकडा 420 आहे. बाद का होतं हे बघायचं तर पुठ्ठ्याच्या डब्यात डोकवा. कोणीतरी अर्धा भरलेला कॉफीचा कप त्यात टाकलेला असतो. तो लवंडतो, खालचे पुठ्ठे भिजतात आणि चांगला माल खराब होतो. गंमत म्हणजे भिजलेला पुठ्ठा काट्यावर जास्त भरतो, म्हणजे मालाची प्रत घसरते आणि तुमचा आकडा वाढतो. तेव्हा ठेकेदाराकडून उचललेल्या वजनाची पावती घेऊन थांबू नका. स्वीकारलेलं वजन किती आणि बाद किती, हे दर खेपेला लेखी मागा. टाळाटाळ होत असेल तर करारातच ती अट घाला.

डबे मोजून हिशोब ठेवणं ही तशीच एक पळवाट. खोकी न मोडता टाकली की डबा निम्मा हवेनेच भरतो. मग एखाद्या महिन्यात लोक खोकी नीट चपटी करून ठेवायला लागले की डब्यांची संख्या घटते आणि रिसायकलिंग 'कमी झाल्याचा' निष्कर्ष निघतो. साधा वजनकाटा आणा.

पण नुसतं एकूण वजनही पुरत नाही. काच जड, थर्माकोल हलकं. काचेच्या बाटल्यांनी आकडा फुगतो आणि थर्माकोलचे ढीग त्यात दिसतही नाहीत. शिवाय प्रत्येक किलोचा फायदा सारखा नसतो: रिसायकल केलेल्या अॅल्युमिनियमला खनिजापासून नवं बनवण्याच्या तुलनेत सुमारे 95 टक्के ऊर्जा कमी लागते, बाकीच्या मालात एवढी बचत क्वचितच होते. मालाप्रमाणे वेगळे रकाने ठेवा. जुनं फर्निचर काढलं, रंगकाम-तोडफोड झाली, तर ते वजन वेगळ्या ओळीत.

आकडा अचानक घसरला तर लगेच कर्मचाऱ्यांवर खापर फोडू नका. आधी पावत्या जुळवा. एखादी खेप नोंदवायची राहिलेली असू शकते. पावत्या बरोबर असतील तर एका नेहमीच्या आठवड्याचा कचरा ताडपत्रीवर पसरा, हातमोजे घालून निवडा आणि प्रत्येक ढीग तोला. कोणत्या विभागाची पिशवी कोणती, हे आधीच चिकटपट्टीवर लिहून ठेवा. तारीख मात्र जाहीर करू नका. सांगून केलेल्या तपासणीत सगळेच शहाण्यासारखे वागतात.

बऱ्याचदा मूळ कारण अगदी साधं निघतं: कचऱ्याचा डबा टेबलाशेजारी आणि रिसायकलिंगचा जिन्यापाशी. दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवा आणि तोच विभाग महिन्याभराने पुन्हा तोलून बघा.