जत्रेत भट्टी लावताय? लोहारकामाच्या प्रात्यक्षिकात या चुका टाळा

पहिल्या प्रदर्शनात मी घरी बसतो तसाच बसलो. ऐरण जमिनीलगत, उजवीकडे भट्टी, समोर घण मारायला बायको. आपल्याकडे घिसाडी काय नि गावचा लोहार काय, काम बसूनच करतो. ऐरणीचा खुंट मातीत रोवला की झालं. पण त्या मैदानावर माझं काम दिसत होतं फक्त पहिल्या रांगेला. मागच्यांना नुसतं ठण् ठण् ऐकू यायचं. ते दोन मिनिटं टाचा उंचावून बघायचे आणि पुढच्या पापडाच्या स्टॉलकडे वळायचे. तीन दिवसांत विकलं काय, तर दोन विळ्या आणि एक झारा.

म्हणून पहिली चूक हीच: दुकान उचलून जत्रेत नेऊन ठेवणं. बाभळीचा जाड ओंडका घ्या, ऐरण त्यात पक्की बसवा आणि उभ्यानं काम करा. हात सरळ खाली सोडून मूठ वळली की ती ऐरणीच्या माथ्याला टेकली पाहिजे, इतकीच उंची. त्याहून उंच केलीत तर संध्याकाळी खांदे बोलू लागतात. उभ्यानं घाव घालायची सवय नसेल तर महिनाभर आधी घरी करा, जत्रेत शिकायला जाऊ नका. ऐरण फारच खणखणत असेल तर ऐरणीच्या कमरेला साखळीचे दोन वेढे घट्ट आवळा. आवाज बसतो, शेजारचा स्टॉलवाला भांडायला येत नाही.

मैदानाऐवजी पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीटचा ओटा मिळाला तर भट्टी थेट त्यावर मांडू नका. तापलेल्या काँक्रीटच्या आतली ओल वाफ होऊन बाहेर पडू बघते आणि चिपा उडतात. चार बोटं वाळू पसरा, वर विटा, मग भट्टी.

रंग दिसत नाही, लोखंड जळतं

ही तक्रार नव्यांची हमखास असते: "घरी बरोबर होतं, इथं प्रत्येक तुकडा फुलबाजीसारखा तडतडतो." कारण ऊन. आपण लोखंडाचा ताप रंगावरून ओळखतो. अंधाऱ्या झोपडीत जो रंग भडक नारिंगी दिसतो, तोच दुपारच्या उन्हात फिका तांबूस वाटतो. आपण आणखी भाता मारतो, आणि लोखंड पिवळ्यावरून पांढरं होऊन ठिणग्या टाकू लागतं. जळलेला तुकडा परत सुधरत नाही, तेवढा तोडूनच टाकावा लागतो. इलाज सोपा आहे. भट्टीवर पत्र्याची आडोशाची सावली करा, कापडाची मुळीच नको. मांडवाच्या कापडाला एक ठिणगी पुरते, आणि लाकडी कोळसा जोरात वारा दिला की ठिणग्या फेकतोच. दगडी कोळसा कमी उडतो, पण पेटताना असा पिवळा धूर काढतो की समोरची साडीवाली बाई शिव्या घालते. मी सकाळी गर्दी यायच्या आधी तासभर दगडी कोळसा जाळून घेतो. धूर निघून जातो, उरलेल्यावर दिवस काढतो.

काळं लोखंड

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथं माणूस भाजतो. लाल लोखंडाला कोणी हात लावत नाही. लहान पोरालासुद्धा कळतं. भाजतं ते काळं लोखंड. भिंतीचा आकडा वळवून झाला, रंग उतरला, ऐरणीच्या कडेला ठेवला, की बघणाऱ्याला वाटतं झालं, थंड झालं. प्रत्यक्षात रंग गेल्यावरही लोखंड तीनचारशे अंशांवर असतं. कातडी चिकटून येईल इतकं. आणि जत्रेत प्रत्येकाला वस्तू हातात घ्यायची असते; तेच तर आपल्याला हवं असतं!

त्यामुळे दोन नियम. गरम वस्तू ठेवायची जागा एकच, ऐरणीमागे, लोकांच्या हाताबाहेर. आणि हातात द्यायची वस्तू ही आत्ता घडवलेली नसून आधीच घडवून थंड केलेली जुळी. माझ्या खिशात नेहमी एक आकडा असतो. घडवता घडवता तो पुढच्या रांगेत देतो, तो फिरतो, लोक वजन बघतात, पीळ बघतात. मागच्या पोराच्या हातातून तो परत येईपर्यंत माझा नवा तयार होतो.

गर्दी अडवायची दोरी भट्टीपासून निदान सात-आठ फुटांवर बांधा. घणाचं डोकं दांड्यातून सुटलं तर कुठं जाईल, ते बघून बांधा. सकाळी सगळे दांडे पाण्यात भिजवून पाचर तपासणं हे काम कंटाळवाणं आहे, पण चुकवू नका.

आणखी एक: गॅल्व्हनाइज्ड पाइप किंवा पत्रा भट्टीत घालू नका. जस्ताचा पांढरा धूर श्वासात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. तुमच्याबरोबर तो धूर समोरची पोरंही घेतात.

काय घडवून दाखवायचं?

कोयता नाही. कोयत्याला तास जातो आणि तासभर कोणी उभं राहत नाही. पाच मिनिटांत, दोन-तीन तापांत (म्हणजे भट्टीत दोन-तीनदा तापवून) संपेल असं काहीतरी हवं: भिंतीचा आकडा, पिळाची किल्लीकडी, पिंपळाच्या पानाचं टोक, खिळा. पीळ भरणं तर जादूच आहे. चौकोनी गज लाल करून दोन्हीकडून धरला आणि फिरवला की गर्दीतून "अरे!" निघतंच. मोठी वस्तू दाखवायचीच असेल तर तिचे चार टप्पे आधीच तयार ठेवा: कापलेला पाटा, पसरलेलं पातं, धार धरलेलं, मूठ बसवलेलं. ते मांडणीत रांगेनं लावा.

गर्दी खूश करायला पात्याला तिथल्या तिथं पाणी द्यायचा, म्हणजे लाल पातं एकदम विझवून कडक करायचा, मोह होतो. ट्रकच्या पाट्याचं (स्प्रिंगच्या पट्टीचं) पोलाद तेलातच विझवायचं असतं. पाण्यात टाकलं की कधीकधी बारीक "टिंग" होतं आणि धारेला चीर जाते. ती चीर गिऱ्हाइकाच्या घरी उघडी पडते. आपल्या भाषेनं त्याला "पाणी देणं" म्हटलं म्हणून ते पाणीच असलं पाहिजे असं नाही. पण तेलाचा भडका गर्दीसमोर नकोच. ते काम घरी. आणि पातं बांधकामाच्या सळईचं करू नका. सळई वरून कडक, आत मऊ असते. तिचे आकडे, खुंट्या बऱ्या होतात, विळी नाही.

गंजाची तक्रार

"तुमचा तवा महिन्यात गंजला." मुंबईच्या दमट हवेत हे होणारच. चूक गिऱ्हाइकाची नाही, आपण सांगितलं नाही ही आहे. स्वयंपाकाच्या वस्तूला काळा रंग फासून विकणारे आहेत. ते करू नका, तो रंग भाकरीबरोबर पोटात जातो. तवा, कढई तेल लावून, तापवून, पुन्हा तेल लावून काळी करूनच द्या, आणि घासून कोरडी ठेवायची हे तोंडानं सांगा. आकडे, खुंट्या यांना कोमट असताना मेण किंवा जवसाचं तेल. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापते आणि पेटते. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

तलवार, वाघनखं आणि पोलीस

2024 च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली तेव्हापासून मला दर प्रदर्शनात कोणीतरी विचारतं, "वाघनखं करता का?" शिवराज्याभिषेकाच्या दिवसांत तलवारी मागतात. जपून. शस्त्र नियमांप्रमाणे 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची तलवार, भाला, सुरा अशी हत्यारं परवान्यात येतात. शेतीची नि घरची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तरी शहरात कोयता म्हटलं की आता ऊस कोणाला आठवत नाही. मी कोयते मांडणीत पुढं ठेवत नाही, धारेला म्यान घालून देतो आणि घेणाऱ्याचं नाव वहीत लिहितो. सणासुदीला जमावबंदीचा आदेश असेल तर आधी ठाण्यात लेखी विचारा. रायगडासारख्या संरक्षित किल्ल्यावर तर परवानगीशिवाय विक्रीच करता येत नाही, मग भट्टी दूरच.

बोलतानाही थाप मारू नका. विजेचा पंखा लावून "शिवकालीन पद्धत" म्हणाल तर गर्दीत एखादा अभ्यासक असतोच. मराठ्यांच्या कितीतरी तलवारींची पाती युरोपातून आलेली आणि मूठ इथली होती, म्हणून तर त्यांना फिरंग म्हणत. हे सांगितलं तर लोक थापेपेक्षा जास्त कान देऊन ऐकतात. तसंच नालेचं. "काळ्या घोड्याची आहे का?" असं विचारतातच. नवीन गजाची नाल असेल तर तसं सांगा. निम्मे तरीही घेतात.

दाम

कोळसा आणि लोखंड मोजून दर लावणारे तोट्यात जातात. आकड्याला 5 मिनिटं लागली तरी स्टॉलभाडं, टेम्पो, घण मारणाऱ्याची मजुरी, बोलण्यात गेलेला दिवस, हे सगळं त्या आकड्यातूनच निघायचं असतं. मी आधी मोठ्या वस्तूच मांडायचो. आता मांडणीचा अर्धा भाग शंभर-दोनशेच्या वस्तूंचा असतो, कारण पोराच्या हट्टाला तेवढंच परवडतं. क्यूआर कोड लावा, पण गर्दीत नेटवर्क बसतं. सुटे पैसे ठेवा. आणि विकायला दुसरं माणूस हवंच. हातात सांडशी असलेला माणूस पैसे मोजू शकत नाही.

रात्र

पुण्याची भीमथडी जत्रा डिसेंबरात असते. थंडी पडते, स्टॉल सोडून जाववत नाही, आणि निखारे आत घेऊन पडदे सोडून झोपायचा विचार येतो. अजिबात नाही. विझल्यासारखा दिसणारा कोळसा जो वायू सोडतो त्याला ना वास, ना धूर. माणूस झोपेतच राहतो. निखारे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून डबा मांडवाबाहेर, वाळूवर ठेवा. गोणीत भरून टेम्पोत टाकू नका, वाटेत वारा लागला की पेटतो. झाकण घट्ट असेल तर रात्रीतून निखारे विझतात, आणि सकाळी तोच कोळसा भट्टीच्या तळाला चालतो.